बॅकअप होता, डेटा नव्हता : बिघाडाचे अहवाल कसे वाचावेत



मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी तयार केलेला संशोधन आराखडा मला वाचायला दिला. विषय चांगला होता : लहान व्यवसायांतल्या डेटाबेस आणि सर्व्हरच्या व्यवस्थापनात होणाऱ्या महागड्या चुका. पण ‘बिघाडाची कारणे’ या रकान्यात पहिल्याच ओळीत त्याने लिहिलं होतं, ‘मुख्य कारण : मानवी चूक.’ आणि उपाय काय, तर ‘कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे.’

मी त्याला विचारलं, हे कशावरून लिहिलंस? तो म्हणाला, सगळ्या रिपोर्टमध्ये हेच असतं सर.

त्याचं म्हणणं खोटं नाही. पण सगळ्या रिपोर्टमध्ये एकच गोष्ट लिहिलेली असेल, तर संशोधकाने आधी रिपोर्टकडेच संशयाने बघायला पाहिजे. म्हणून आज आपण दोन प्रत्यक्ष बिघाडांबद्दल त्या त्या संस्थेने स्वतः काय सांगितलं ते तपासणार आहोत. एक आपल्या मुंबईतला, शेअर बाजाराचा. दुसरा परदेशी सॉफ्टवेअर कंपनीचा. पण सुरुवात एरंडोलपासून करतो, कारण या विषयात मी पडलो तोच माझ्या स्वतःच्या चुकीमुळे.

एरंडोलची पेनड्राइव्ह

पीएच.डी.ला प्रवेश मिळायच्या आधी मी गावात कॉम्प्युटरची किरकोळ कामं करायचो. त्यातच हायवेला लागून असलेल्या एका जिनिंगचं काम होतं. ऑफिसात एक जुना डेस्कटॉप होता आणि त्यालाच सगळे ‘सर्व्हर’ म्हणायचे. त्याच्यावर टॅलीत हिशोब, आणि काट्याच्या खोलीतला दुसरा कॉम्प्युटर त्याला वायरने जोडलेला. कापसाच्या हंगामात दिवसभर गाड्या लागायच्या : काटा, पावती, भाव, हमाली, मग शेतकऱ्याच्या नावावर रक्कम.

मी त्यांना रोजचा बॅकअप लावून दिला होता. संध्याकाळी सात वाजता एक छोटा प्रोग्राम चालायचा, हिशोबाचा फोल्डर उचलायचा, त्याला त्या दिवसाच्या तारखेचं नाव द्यायचा आणि पेनड्राइव्हवर ठेवायचा. दिवाणजी रोज घरी जाताना पेनड्राइव्ह खिशात टाकायचे. शिस्तीत एक दिवसाचाही खंड नव्हता.

जानेवारीत, संक्रांतीच्या दोन दिवस आधी, त्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क गेली. मला फोन आला. दिवाणजींचा पहिला प्रश्न, “भाऊ, बॅकअप शे ना?” मी म्हटलं, आहे ना, काळजी करू नका. दुसरी मशीन घेऊन गेलो, पेनड्राइव्ह लावली, आदल्या दिवसाच्या तारखेची फाइल उघडली. हिशोब उघडला. शेवटची नोंद ३१ मार्चची.

झालं असं होतं, की एप्रिलमध्ये नवीन आर्थिक वर्षासाठी टॅलीत नवी कंपनी उघडली गेली. तिचा डेटा नव्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये जाऊ लागला. माझा प्रोग्राम मात्र जुन्याच फोल्डरची इमानेइतबारे कॉपी करत होता. साडेनऊ महिने रोज नव्या तारखेच्या नावाखाली तोच जुना डेटा. आणि मी जर एकदा जरी फाइलींची यादी बघितली असती, तर दिसलं असतं की हंगाम भरात असताना सगळ्या फाइलींचा आकार तंतोतंत सारखा आहे!

पुढचे वीस-बावीस दिवस दिवाणजी, मालकांचा पुतण्या आणि मी काटा पावत्यांच्या कार्बन कॉप्यांवरून नोंदी परत टाकत बसलो होतो. बाहेर बाकावर शेतकरी बसलेले असायचे. ज्यांच्याकडे पावती होती त्यांचं ठीक. ज्यांची पावती हरवली होती किंवा धुण्यात भिजली होती, त्यांना ‘दोन दिवसांनी या’ सांगावं लागायचं. कुणाला सोसायटीचं कर्ज भरायचं होतं, कुणाच्या घरी लग्न. ते मला काही बोलले नाहीत. मी कोण हेही त्यांना माहीत नव्हतं.

आता याचा रिपोर्ट लिहायचा म्हटला तर कसा लिहाल? ‘हार्ड डिस्क निकामी झाल्याने डेटा गमावला.’ हे खरं आहे. ‘तंत्रज्ञाच्या चुकीने चुकीचा फोल्डर निवडला गेला.’ हेही खरं आहे, आणि तो तंत्रज्ञ मीच. पण या दोन्ही वाक्यांतून पुढच्या जिनिंगवाल्याला काय शिकता येईल? डिस्क तर कधी ना कधी जाणारच. चुकणारा माणूसही सगळीकडे सापडणार. खरा प्रश्न वेगळा आहे : साडेनऊ महिने ही चूक कुणाला दिसली का नाही? हा प्रश्न हातात धरून आता मोठी प्रकरणं बघू.

मुंबई, २४ फेब्रुवारी २०२१

बुधवार होता. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे एनएसईमध्ये, सकाळपासूनच निर्देशांकाचे आकडे अडखळू लागले आणि ११ वाजून ४० मिनिटांनी सगळे व्यवहार थांबवले गेले. एरवी बाजार साडेतीनला बंद होतो. त्या दिवशी एनएसई पुन्हा सुरू झालं ते पावणेचारला, आणि वेळ वाढवून पाचपर्यंत चाललं. मधल्या काळात बीएसई चालू होतं. ज्यांनी एनएसईवर त्याच दिवशी विकायचे म्हणून शेअर घेतले होते, त्यांना ते तिथे विकता येईनात. बाजार बंद व्हायची वेळ जवळ येऊ लागली तशी ब्रोकरांनी अनेकांचे सौदे बीएसईवर मिटवून टाकले. वेळ वाढवल्याचं कळलं तोवर फार उशीर झाला होता. म्हणजे सर्व्हरचा बिघाड मुंबईत, आणि तोटा सोसला मोबाइलवर ट्रेडिंग करणाऱ्या कुठल्याही गावातल्या माणसाने.

एनएसईने नंतर जे स्पष्टीकरण दिलं, त्याचा गोषवारा असा. दोन डेटा सेंटरना जोडणाऱ्या दूरसंचार लाइन दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या, म्हणजे एक गेली तर दुसरी चालावी. पण मार्गावरच्या खोदकाम-बांधकामामुळे दोन्हीकडच्या लाइन अस्थिर झाल्या. तेवढ्याने एरवी काम थांबायला नको होतं. पण सर्व्हरपासून वेगळी ठेवलेली जी सामायिक साठवण यंत्रणा असते, ती या धक्क्याने सर्व्हरना मिळेनाशी झाली. एक बाजू पडली तर दुसरीने भार घ्यावा हा जो नियम त्या यंत्रणेत बसवायचा होता, तो पुरवठादाराने ठरलेल्या आराखड्याप्रमाणे बसवलेला नव्हता, असं एनएसईचं म्हणणं. परिणामी क्लिअरिंग कंपनीची जोखीम तपासणारी प्रणाली बंद पडली. सौदे घेणारी यंत्रणा चालू होती, पण जोखीम तपासल्याशिवाय सौदे चालू ठेवणं धोक्याचं, म्हणून बाजार थांबवला.

स्पष्टीकरण म्हणून हे वाईट नाही. बिघाड एका जागेवरून दुसऱ्या जागी कसा सरकत गेला ती साखळी त्यात सापडते, आणि बाजार थांबवण्याचा निर्णय समजण्यासारखा आहे. पण संशोधक म्हणून वाचाल तर एक गोष्ट खटकेल. साखळीतली प्रत्येक कडी संस्थेच्या बाहेरच्या कुणाच्या तरी हातात आहे. खोदकाम करणारे बाहेरचे. लाइन पुरवणारे बाहेरचे. साठवण यंत्रणा बसवणारा पुरवठादार बाहेरचा. जणू संस्थेकडे जे काही झालं ते येऊन आदळलं.

इथे आपला एरंडोलचा प्रश्न विचारा. पुरवठादाराने नियम चुकीचा बसवला हे मान्य. मग तो चुकीचा आहे हे २४ फेब्रुवारीच्या आधी कुणाला का दिसलं नाही? लाइन मुद्दाम तोडून, साठवणीची एक बाजू मुद्दाम पाडून, दुसरी बाजू भार घेते का हे कधी बघितलं होतं का? आणि पर्यायी केंद्र उभं असताना तिथे जायचं की नाही, हे कुणी, किती मिनिटांत ठरवायचं होतं? स्पष्टीकरणाचा भर ‘काय मोडलं’ यावर आहे. ‘मोडणार हे आधी का कळलं नाही’ हा प्रश्न वाचकाला स्वतः आणावा लागतो.

गंमत म्हणजे नियामकाने नेमकी त्याच प्रश्नाची नाडी पकडली. २२ मार्च २०२१ ला, म्हणजे महिन्याभरात, सेबीने परिपत्रक काढलं. महत्त्वाची प्रणाली बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत ती ‘आपत्ती’ आहे असं जाहीर करायचं, आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. डेटा जास्तीत जास्त १५ मिनिटांपेक्षा जास्त काळचा गमवायचा नाही. बघा, या नियमात खोदकामाचा उल्लेख नाही, पुरवठादाराचाही नाही. कारण काहीही असो, परत उभं राहायला किती वेळ लागेल आणि काय गमावलं जाईल, एवढंच विचारलंय.

पुढे २०२३ मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने मिळून ७२ कोटींहून जास्त रक्कम भरून हे प्रकरण सेबीकडे तडजोडीने मिटवलं. अशा तडजोडीत आरोप मान्यही करावे लागत नाहीत आणि अमान्यही, त्यामुळे त्याचा अर्थ ‘दोष सिद्ध झाला’ असा लावू नका. प्रबंधात ही चूक फार जण करतात.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती २ मार्च २०२४ ची तारीख. त्या शनिवारी बाजार मुद्दाम उघडला होता. सकाळी पाऊण तास नेहमीच्या केंद्रावरून, आणि मग साडेअकरा ते साडेबारा पर्यायी केंद्रावरून खरेखुरे सौदे झाले. खरे पैसे, खरे ग्राहक. पर्यायी केंद्र चालतं हे कागदावर न लिहिता चालवून दाखवायचं, याला म्हणतात तालीम.

गिटलॅब, ३१ जानेवारी २०१७

गिटलॅब ही प्रोग्रामरना त्यांचा कोड ठेवायला जागा देणारी सेवा. तिचा मुख्य डेटाबेस पोस्टग्रेसवर होता आणि त्याची हुबेहूब प्रत दुसऱ्या सर्व्हरवर सतत तयार होत असे. त्या संध्याकाळी डेटाबेसवरचा भार अचानक वाढला. दुसरा सर्व्हर मागे पडत गेला आणि शेवटी त्याचं प्रत घेणं थांबलं. ते परत सुरू करायला दुसऱ्या सर्व्हरवरचा डेटाचा फोल्डर रिकामा करून नव्याने प्रत घ्यायची होती. प्रत घेणारी आज्ञा दिली तर ती काहीही न सांगता अडकून राहायची. बरेच प्रयत्न झाले. रात्री साडेअकराच्या सुमारास (जागतिक वेळेनुसार) एका अभियंत्याला वाटलं, दुसऱ्या सर्व्हरवर फोल्डर शिल्लक आहे म्हणून हे अडतंय. त्याने तो पुसण्याची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. थांबवलं. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

आता बॅकअप. रोज डेटाबेसची प्रत दुसऱ्या कंपनीच्या साठवणीत जायला हवी होती. ती जागा उघडली तर रिकामी. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, आणि प्रत घेणारं साधन चुकून ९.२ चं चालत होतं, त्यामुळे ते रोज नापास होत होतं. नापास झाल्याचे ईमेल निघत होते, पण ते मेल प्रमाणित नसल्याने नाकारले जात होते. कुणालाच मिळत नव्हते. क्लाउड कंपनीची डिस्कची प्रत घेण्याची सोय होती, पण डेटाबेसच्या सर्व्हरना ती लावलेलीच नव्हती. वाचवलं कशाने? त्याच अभियंत्याने सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच एका कामासाठी हाताने डेटाची एक प्रत घेऊन ठेवली होती. योगायोग! ती प्रत संथ डिस्कवर होती, त्यामुळे सेवा परत सुरू व्हायला जवळजवळ १८ तास लागले. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला : कंपनीच्याच अंदाजाने किमान ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवे वापरकर्ते. लोकांचा मूळ कोड मात्र वेगळ्या जागी असल्याने वाचला.

कंपनीने दुरुस्तीचं काम चालू असतानाच ते यूट्यूबवर थेट दाखवलं आणि १० फेब्रुवारीला सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. मला आवडतो तो अहवालातला ‘का?’ विचारत जाण्याचा भाग. सेवा का बंद पडली? चुकीच्या सर्व्हरवरचा फोल्डर पुसला म्हणून. तिथे ते थांबत नाहीत. बॅकअप का चालला नाही? तो चालत नाही हे का कळलं नाही? परत आणण्याची तालीम का होत नव्हती? शेवटचं उत्तर साधारण असं : या कामाला कुणी धनीच नव्हता, त्यामुळे ते तपासण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

हे वाचलं तेव्हा मला दिवाणजींच्या खिशातली पेनड्राइव्ह आठवली. बॅकअप लावणारा मी, पेनड्राइव्ह नेणारे दिवाणजी, विश्वास ठेवणारे मालक. तपासणारा कोण? कुणीच नाही.

दोन्ही अहवाल समोरासमोर

एनएसईचं स्पष्टीकरण आणि गिटलॅबचा अहवाल यांत गिटलॅबचा जास्त उपयोगी आहे, हे माझं मत. कारण मोकळेपणा किंवा यूट्यूब नाही. मी एकच कसोटी लावतो : अहवाल वाचून तिसऱ्या माणसाला आपल्याकडे उद्या सकाळी काय तपासायचं ते कळतं का? गिटलॅब वाचून कळतं. बॅकअपची जागा उघडून बघा. नापास झाल्याचा संदेश खरंच पोहोचतो का बघा. एनएसईचं स्पष्टीकरण वाचून कळतं ते एवढंच, की पुरवठादारावर लक्ष ठेवा आणि खोदकामापासून सावध राहा.

पण थांबा. गिटलॅबचा अहवाल डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. त्यालाही तीन मर्यादा आहेत, आणि त्या प्रबंधात नोंदवल्याशिवाय तो वापरू नका.

पहिली, तो कंपनीने स्वतःबद्दल लिहिलाय. प्रामाणिकपणाने ग्राहकांचा विश्वास परत मिळतो हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. त्यात काय आलं हे आपल्याला दिसतं, काय वगळलं ते दिसत नाही.

दुसरी, ‘का?-का?’ची साखळी सरळ रेषेत जाते. खऱ्या बिघाडात अनेक गोष्टी एकाच वेळी जुळून येतात. त्या रात्री भार वाढला नसता, तर प्रत थांबली नसती. आज्ञेने ‘मी वाट बघतेय’ एवढं जरी सांगितलं असतं, तरी फोल्डर पुसायचा विचार आला नसता. दोन्ही सर्व्हरची नावं पडद्यावर ठळक वेगळी दिसली असती, तर हात थबकला असता. यातलं ‘मूळ’ कारण कोणतं? तुम्ही ‘का?’ विचारणं जिथे थांबवता, ते मूळ. म्हणजे मूळ कारण हे बऱ्याचदा शोधणाऱ्याच्या थकव्याचं नाव असतं.

तिसरी, शेवट माहीत असताना सगळं उघड वाटतं. बारुक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रयोगांनी दाखवलं, की घटनेचा शेवट सांगितलेल्या लोकांना तोच शेवट आधीपासून जास्त संभवनीय होता असं वाटतं, आणि हा फरक आपल्यात पडलाय याचं भानही त्यांना नसतं. मलाही आज वाटतं की फाइलींचा सारखा आकार दिसायलाच हवा होता. पण त्या साडेनऊ महिन्यांत ती यादी बघण्याचं कारणच कुणाला नव्हतं. सगळं सुरळीत चालू होतं ना!

इथे तुम्हाला एक सैद्धांतिक चौकट लागेल. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचं ‘ह्यूमन एरर’ हे पुस्तक १९९० चं. २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी छोटा लेख लिहिला, तो आधी वाचा. चुकीकडे बघण्याच्या दोन रीती ते सांगतात. एक माणसाकडे बोट दाखवते : विसरला, दुर्लक्ष केलं, निष्काळजी. दुसरी विचारते, की माणूस चुकणार हे गृहीत धरलं तर त्या चुकीला अडवणाऱ्या भिंती कुठे होत्या आणि त्यांना भोकं कशी पडली. चीजच्या चकत्यांचं त्यांचं चित्र तुम्ही पाहिलं असेल : प्रत्येक चकतीला भोकं, आणि सगळी भोकं एका रेषेत आली की अपघात. आराखड्यात ‘मानवी चूक’ लिहिणं म्हणजे पहिल्या चकतीलाच संशोधन संपवणं. तिथून तर ते सुरू व्हायला हवं.

ज्यांचा अहवालच नाही

जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. देशभरातल्या लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा पुरवणारी ही कंपनी. धोका पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं, आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय, एटीएम व्यवहार अडले. १ ऑगस्टला जोडणी पूर्ववत झाली.

हल्ला आणि चूक यांत फरक आहे, तो पुसू नका. पण एक गोष्ट समान आहे. त्या बँकांच्या मॅनेजरला स्वतःच्या सर्व्हरचं काहीच करता येत नव्हतं, कारण सर्व्हर त्याच्या गावात नव्हता आणि किल्ल्याही त्याच्याकडे नव्हत्या. आज आपल्याकडची पतसंस्था, कृषी केंद्र, मेडिकल दुकान, सगळे ‘क्लाउडवर आहे’ म्हणून निर्धास्त असतात. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा सर्व्हर. कॉपी कुठे आहे, ती परत आणायला किती वेळ लागेल, पुरवठादार बंद पडला तर डेटा कोणत्या स्वरूपात हातात मिळेल, हे करारात लिहिलंय का? बहुतेकांनी विचारलेलंच नसतं.

आणि इथे मला आपल्या सगळ्या अभ्यासातली मोठी उणीव दिसते. एनएसईला स्पष्टीकरण द्यावं लागलं, कारण सेबी होतं. गिटलॅबने लिहिलं, कारण त्यांच्याकडे लिहिणारी माणसं होती आणि वाचणारे ग्राहक होते. एरंडोलच्या जिनिंगचा अहवाल कुणी लिहिला? कुणीच नाही. डेटा गेल्यावर जो व्यवसाय सावरू शकला नाही, त्याचा तर मागमूसही राहत नाही. आपण ज्या अहवालांवरून निष्कर्ष काढतो, ते सगळे वाचलेल्यांचे आहेत. संशोधन आराखड्यातली ‘रिसर्च गॅप’ शोधायला परदेशी जर्नल धुंडाळता ना? ही गॅप तुमच्या तालुक्यात, बाजारपेठेत पडलेली आहे.

मग करायचं काय?

व्यवसाय सांभाळणाऱ्याला सांगायचं झालं तर मी पाचच प्रश्न देतो. हेच प्रश्न तुमच्या मुलाखतीच्या प्रश्नावलीतही चालतील.

१. शेवटचा बॅकअप कधी झाला, हे विचारू नका. शेवटचा बॅकअप परत आणून कधी बघितला, हे विचारा.

२. परत आणलेल्या डेटात कालची एक ठरावीक नोंद सापडते का? फाइलचं नाव, तारीख, हिरवी खूण हा पुरावा नाही.

३. बॅकअप बंद पडला तर कोणाला, कसं कळतं? संदेश आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरायचं की संदेश आला नाही म्हणजे गडबड, असं?

४. किती तासांचा डेटा गेला तर चालेल आणि किती वेळात परत उभं राहायचंय? सेबीने शेअर बाजाराला १५ मिनिटं आणि ४५ मिनिटं सांगितली. जिनिंगला कदाचित एक दिवस चालेल. पण आकडा ठरलेला हवा, आणि तो मालकाने ठरवायचा, कॉम्प्युटरवाल्याने नव्हे.

५. या कामाचा धनी कोण? एका माणसाचं नाव सांगा. ‘आम्ही सगळे बघतो’ हे उत्तर आलं, तर वहीत ‘कुणीही नाही’ असं लिहून घ्या.

मुलाखती घेताना एक पथ्य पाळा. ‘चूक कोणाची होती?’ असं विचारलंत तर माणूस गप्प होईल किंवा दुसऱ्याचं नाव घेईल. ‘त्या वेळी तुम्हाला समोर काय दिसत होतं?’ असं विचारा. मग तो तासभर बोलतो. आणि नाव, गाव, संस्था गुप्त ठेवायचा शब्द दिलात तर तो पाळा. आधी विश्वास, मग डेटा.

त्या विद्यार्थ्याने आराखडा बदलला. ‘मानवी चूक’ खोडून त्याने लिहिलं : ‘चूक घडल्यापासून ती लक्षात येईपर्यंत किती काळ गेला, आणि तो काळ कशाने वाढला?’ आता हा प्रश्न मोजता येतो. माझ्या बाबतीत त्याचं उत्तर साडेनऊ महिने आहे.

त्या जिनिंगचं काम अजून माझ्याकडेच आहे. मी सोडायला निघालो होतो, मालक म्हणाले, चुकलास ते तुला माहिताय, नव्या माणसाला माहीत नसेल. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुसऱ्या मशीनवर बॅकअप परत आणतो. दिवाणजी पावत्यांच्या गठ्ठ्यातून डोळे मिटून एक पावती ओढतात आणि नंबर वाचतात. मी तो नंबर शोधतो. नाव, वजन, रक्कम जुळली की ते पावतीच्या मागे पेन्सिलने बरोबरची खूण करतात आणि मग चहा सांगतात. जुळेपर्यंत चहा नाही, हा त्यांचा नियम.